एकोणीस नंबरची नळी

चकाचकराव कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, की ते परतल्यावर त्या घरची बाई आधी आपले नळ पुसायला घेई. ते तोंडाने काही बोलत नसत. चहा पिता पिता कपाची कड बोटाने चाचपत, पंख्याच्या पात्यांकडे एकदा वर बघत आणि बिचारे मान खाली घालत. माणूस अतिशय सभ्य. नजर मात्र सभ्य नव्हती, जिथे धूळ असेल तिथेच ती जाऊन बसे.

आता यात त्यांचा तरी काय दोष? एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, ऑपरेशनची हत्यारं धुऊन, उकळून, वाफवून काढायच्या खोलीत त्यांची चौतीस वर्षं गेली होती. वरच्या मजल्यावर सर्जन लोकांचं नाव व्हायचं, फुलांचे गुच्छ त्यांना मिळायचे. खाली चकाचकराव एकेक चिमटा दिव्यासमोर धरून त्याच्या सांध्यात काही अडकलंय का ते बघायचे. त्यांचा खरा जीव होता पोकळ नळ्यांवर. पोटात घालायच्या, नसेत घालायच्या, बोटभर, हातभर, सगळ्या. "बाहेरून काय, कुणीही चमकवेल," ते नव्या माणसाला सांगायचे, "घाण असते ती आत. जिथे कुणी बघत नाही तिथे." असल्या नळ्यांसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने वेगवेगळ्या जाडीचे ब्रश वळले होते. खरं नाव पगाराच्या कागदावर उरलं आणि झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे त्यांना चकाचकराव म्हणू लागले.

अशा माणसाची गाठ पडावी ती नकाशेबाईंशी! बाई जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायच्या, म्हणून हे नाव. कागदावर त्यांची रेघ केसासारखी बारीक, सरळ. घरात मात्र त्यांचं कपाट उघडलं की आतलं सामान अंगावर धावून यायचं. बोटांना शाई, पदराला शाई, चष्म्याच्या काचेवर अंगठ्याचा ठसा. चकाचकराव रोज सकाळी तो चष्मा पुसून टेबलावर ठेवत आणि बाई संध्याकाळपर्यंत तो पुन्हा माखून आणत. पस्तीस वर्षं हे बिनबोभाट चालू होतं. प्रेम म्हणतात ते याहून काही वेगळं असतं की काय, मला तरी माहीत नाही.

बाईंना नेमबाजीचा नाद लागला तो पस्तिशीत. कचेरीतल्या मैत्रिणीबरोबर त्या क्लबच्या रेंजवर नुसत्या बघायला गेल्या होत्या. पन्नास मीटरवर कागद, कागदावर काळा ठिपका आणि पॉइंट टू टूची इवलीशी गोळी. "हे तर माझ्या नकाशासारखंच आहे," त्या म्हणाल्या, "श्वास धरायचा आणि रेघ चुकू द्यायची नाही." तीन वर्षं त्यांनी क्लबची रायफल वापरली. ती धिप्पाड माणसाच्या मापाची. तिचा लाकडी दस्ता इतका लांब, की गाल टेकवायला बाईंना मान बगळ्यासारखी ताणावी लागे. मग कुणीतरी मिस्त्रींचं नाव सुचवलं.

मिस्त्री म्हणजे काही कारखानदार नव्हेत. बसने दीड तासावर, घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन लेथ, बाप आणि त्याची लेक. बाप पोलादाच्या नळ्या करी, लेक अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते कोरी. परवाना भिंतीवर चौकटीत लावलेला. वर्षाला दोन रायफली व्हायच्या, फार झाल्या तर तीन. मिस्त्रींनी बाईंना शिंप्यासारखं मापलं. खांद्यापासून कोपर, कोपरापासून बोट, गालाच्या हाडापासून डोळा. अकरा महिन्यांनी रायफल तयार झाली. नळीवर बारीक आकडा कोरला होता, एकोणीस. मिस्त्रींच्या हातची ती एकोणिसावी.

"दुसऱ्या कुणाच्या खांद्याला ही बसायची नाही," मिस्त्री म्हणाले. "आणि एक ऐकून ठेवा, बाई. हिला घासत बसू नका. चारपाचशे गोळ्या झाल्या की मागच्या बाजूने एक ओली चिंधी फिरवा, एक कोरडी फिरवा, बस्स. गोळीवरचं मेण आत बसतं तेच हिचं औषध. बंदुका गोळ्यांनी मरत नाहीत, गजाने मरतात." गज म्हणजे नळी साफ करायची लांब सळई.

हे ऐकायला चकाचकराव तिथे हवे होते. पण ते त्या वेळी बाहेर, शेडच्या नळावरचं ग्रीस रुमालाने पुसत होते.

वीस वर्षं सगळं छान चाललं. बाईंच्या पाच गोळ्या कागदावर एका छोट्या नाण्याखाली झाकल्या जात. घरी आतल्या खोलीत भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट होतं, अरुंद आणि उंच. रायफल त्यात तोंड वर करून उभी असे. घोड्याच्या कडीतून साखळी, साखळीला कुलूप. गोळी भरायचा मागचा बोल्ट काढून वेगळ्या पेटीत. साखळीची आणि पेटीची किल्ली बाईंच्या पर्समध्ये. कपाटाची किल्ली मात्र घरातल्या बाकीच्या किल्ल्यांबरोबर, कारण त्याच कपाटाच्या खालच्या खणात विम्याचे कागदही होते.

चकाचकराव निवृत्त झाले आणि त्यांची ती नजर दिवसभर घरातच राहू लागली. सगळी भांडी झाली, सगळे नळ झाले, खिडक्यांच्या खोबणीतले कोपरे काडीने कोरून झाले. त्याच हिवाळ्यात बाईंचा खांदा धरला. एका रविवारी त्या रेंजवरून आल्या, रायफल कपाटात उभी केली, साखळी लावली आणि खुर्चीत बसल्या.

"साफ नाही करायची?" चकाचकरावांनी विचारलं.

"तिला नको असतं हो ते," बाई डोळे मिटून म्हणाल्या.

खरं उत्तर होतं ते. पण नवऱ्याने बायकोचं उत्तर ऐकलं, आणि त्याचा अर्थ लावला की हिला कंटाळा आलाय. एवढी मोठी पोकळ नळी, तिच्यातून दर आठवड्याला शंभर गोळ्या जातात, आणि तिला नको असतं म्हणे! चकाचकरावांना जेवण गोड लागेना.

बाईंची कचेरीही आता सुटली होती, सोमवारी दुपारी त्या बहिणीकडे जात. त्या सोमवारी त्या जिना उतरून गेल्या आणि चकाचकरावांनी कपाट उघडलं. माणूस कायद्याला भिणारा. परवाना बाईंचा, तेव्हा रायफल हातात घ्यायची नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी घेतलीही नाही. ती होती तिथून तसूभर हलवली नाही. खाली वर्तमानपत्र पसरलं, स्वतः स्टुलावर चढले आणि वरून, नळीच्या तोंडातून, गज खाली घातला. गजही घरचाच. इस्पितळातल्या सवयीने पोलादी तारेचा पीळ घालून वळलेला, टोकाला ब्रश आणि ब्रशला गुंडाळलेली चिंधी.

पहिली चिंधी काळीकुट्ट निघाली. चकाचकरावांना स्वतःचीच लाज वाटली. आपण घरात असताना, आपल्या बायकोच्या वस्तूत एवढं काळं! पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत त्यांनी घासलं, तेलाचा एक थेंब सोडला, वर्तमानपत्र घडी करून फेकलं. बाई आल्या तेव्हा ते शांतपणे चहा गाळत होते. सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काय होतं? चष्मा पुसतो तेव्हा तरी कुठे सांगतो? शिवाय बाई हसल्या असत्या, आणि त्यांच्या हसण्याला ते पस्तीस वर्षं घाबरून होते.

पुढच्या सोमवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. चोर मागे काहीतरी खूण ठेवतो. चकाचकरावांनी आयुष्यात कधी कशाची खूण ठेवली नव्हती.

महिन्याभरात बाई म्हणाल्या, "आज सुरुवातीच्या गोळ्या कुठल्या कुठे गेल्या." दोन महिन्यांनी पाच गोळ्या नाण्याखाली मावेनात. चार महिन्यांनी त्यांना झाकायला चहाची बशी लागली असती. बाईंनी डोळे तपासून घेतले, नवा नंबर आला, नवा चष्मा आला. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला थेंब दिले, ते चकाचकराव सकाळ संध्याकाळ घालत. खांद्याला शेक झाला, व्यायाम झाले, उशी बदलली. मग बाईंनी हात कापतो की काय या शंकेने चहा सोडला. दिवसातून पाच वेळा चहा पिणारी बाई! पहिल्या दिवशी चार वाजता त्या रिकाम्या हाताने खिडकीशी उभ्या राहिल्या, तेव्हा चकाचकरावांनी आपला भरलेला कप मोरीत ओतून दिला. त्यांनीही चहा सोडला. आणि सोमवारी स्टुलावर चढून गज आणखी जोराने फिरवला, कारण नेम बिघडतोय म्हणजे आत कुठेतरी घाण राहत असणार. तुमच्या सगळं लक्षात आलंच असेल. त्यांच्या येत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

एका सकाळी बाईंनी टेबलावर दोन कागद ठेवले. परवान्याची मुदत महिनाअखेर संपत होती. एक कागद नूतनीकरणाचा, कोरा. दुसरा हत्यार परत करण्याचा, त्यावर बाईंनी आपलं नाव आणि नंबर भरला होता. सही तेवढी बाकी होती.

"ह्या वेळी नूतनीकरण नको," त्या म्हणाल्या. "मिस्त्रींना परत देऊन येते. त्यांची लेक दस्ता कापून एखाद्या पोरीच्या मापाचा करील."

"एवढी घाई काय आहे?"

"घाई? आठ महिने झाले. माझं संपलं हो."

डब्यातली साखर संपली म्हणावं तशा आवाजात त्या हे म्हणाल्या. रडल्या असत्या तर चकाचकरावांना काही सुचलं असतं. पण बाईंनी शांतपणे चष्मा काढला, डोळे चोळले आणि कागद पर्समध्ये ठेवले. त्या खुर्चीत एवढ्याशा दिसत होत्या. या बाईला आपण इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं, असं त्यांना वाटलं.

"एकदा मिस्त्रींना दाखवू तरी," ते म्हणाले. "मग द्यायची तर द्या."

एरवी ते बायकोला अगंतुगं करीत. त्या दिवशी त्यांच्या तोंडून 'द्या' गेलं ते त्यांच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं बसने निघाले. रायफल पेटीत, पेटी बाईंच्या मांडीवर. बाई दीड तास खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचा हात पेटीवरून फिरत होता, झोपलेल्या मुलावरून फिरावा तसा. चकाचकरावांनी मधे एकदा विचारलं, "पाणी हवं?" बाईंनी मान हलवली.

मिस्त्री आता पंचाहत्तरीला आले होते. पाठ वाकली होती, हात मात्र तेच. त्यांनी बाईंना नावाने नव्हे तर आकड्याने हाक मारली, "या एकोणीस!" आणि बाई आठ महिन्यांत पहिल्यांदा जराशा हसल्या. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. लेकीला सांगितलं, "बाईंना आत ने. खांद्याचं माप पुन्हा घे." दोघी आत गेल्या. मिस्त्रींनी रायफल खिडकीशी नेली, डोळ्याला भिंग लावलं आणि नळीचं तोंड बघत बसले. मग कानात घालायची कापसाची काडी घेतली आणि नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून हलकेच गोल फिरवली. तीन बाजूंना काडी घसरत गेली. चौथ्या बाजूला कापसाचे तंतू अडकले आणि तिथेच राहिले.

"कड गेलीय," मिस्त्री म्हणाले. "गोळी नळीतून सुटते ती शेवटची जागा. ती सगळीकडून सारखी लागते. इथे एका बाजूने झिजलीय. गोळी बाहेर पडताना धक्का खाते आणि वाट सोडते."

"वयाने झिजते?" चकाचकरावांनी विचारलं.

"छे. वरून गज घातला की झिजते. पोलादी गज, नेहमी एकाच बाजूला टेकणारा. जणू कुणी उंचावर उभं राहून घालत असावं." मिस्त्रींनी भिंग डोळ्यावरून काढलं. "बाई असं करणार नाहीत. मी त्यांना सांगितलंय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर भरदुपार होती. चकाचकरावांनी आपल्या हातांकडे पाहिलं. नखं स्वच्छ होती, कडा नीट कापलेल्या होत्या. आठ महिन्यांचे सगळे सोमवार एकामागून एक त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. स्टूल, वर्तमानपत्र, पांढरी चिंधी. डोळ्यांत थेंब घालताना वर बघणारी बाई. ते लेथजवळच्या खोक्यावर बसले.

"काळी निघत होती हो चिंधी," ते म्हणाले.

मिस्त्रींनी काडी खाली ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. "चौतीस वर्षं नळ्या धुतल्यात ना तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं. "माणसांच्या पोटात जायच्या. त्यांना हे चालतं. हिला नाही चालत, एवढंच." मग आतल्या दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, कड कापून नवी करता येते. दोन तासांचं काम आहे. बाईंना मी सांगतो, पोलाद मऊ लागलं म्हणून. नंबर एकोणीसच्या वेळी मालच तसा आला होता, माझी चूक. तुम्ही काही बोलू नका."

आयुष्यभरात साठसत्तर नळ्या केलेला माणूस, त्यातली एक खोटी ठरवायला निघाला होता. आणि चकाचकरावांनी काय करावं? त्यांनी मान डोलावली. मी त्यांची बाजू घेणार नाही. पण बाईंच्या हसण्यालासुद्धा घाबरणारा माणूस, तो बाईंच्या न हसण्याला किती घाबरला असेल!

बाई बाहेर आल्या. मिस्त्रींनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. पोलाद मऊ, कड झिजली, चूक माझी. बाईंनी सगळं नीट ऐकलं आणि मान हलवली.

"मिस्त्री, तुम्ही फार चांगले आहात," त्या म्हणाल्या. "पण मला फसवू नका. तुमच्या हातून मऊ पोलाद? वीस वर्षं ही नळी नाण्याखाली पाच गोळ्या ठेवत होती आणि आता अचानक मऊ झाली? म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून बोलताय. माझे डोळे गेलेत. मी मान्य केलंय, तुम्हीही करा." त्यांनी पर्समधून कागद काढला, परत करण्याचा, आणि पेन शोधायला लागल्या.

पेन सापडायला वेळ लागला, कारण ती पर्स नकाशेबाईंची होती. तेवढाच वेळ चकाचकरावांकडे होता.

"अगं, थांब," ते म्हणाले. "मी केलं."

"काय केलं?"

"नळी. मी घासत होतो. दर सोमवारी. तू बहिणीकडे गेलीस की. वरून. स्टुलावर चढून."

बाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री खाली बघत होते. त्यांनी पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. तुझा खांदा दुखला तेव्हापासून."

बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि त्या बाहेर जाऊन बाकड्यावर बसल्या. मिस्त्रींनी खूण केली तसे चकाचकराव त्यांच्या मागे गेले आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. आत लेथ सुरू झाला. आधी थोडा वेळ चाले, मग थांबे. मिस्त्री नळी सरळ बसलीय की नाही ते तपासत होते, पुन्हा पुन्हा.

"नवी नळी करून देईन," चकाचकराव म्हणाले. "माझ्या पेन्शनमधून."

"नळीचं काय घेऊन बसलात!" बाई एकदम उसळल्या. "नळी गेली खड्ड्यात! आठ महिने मी रोज सकाळी उठून स्वतःला सांगत होते, बाई, तुझे डोळे गेले, तुझे हात गेले, संपलं तुझं. आरशात बघायचे तेव्हा हात पुढे धरून बघायचे, कापतात का. आणि तुम्ही शेजारी बसून माझ्या डोळ्यांत औषध घालत होतात! तुम्हाला माहीत होतं!"

"नव्हतं गं," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो, नव्हतं माहीत. मला वाटायचं आत घाण राहिली असेल. म्हणून तुझा नेम चुकतोय. म्हणून मी आणखी घासायचो."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढा मोठा माणूस, पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, आणि डोळ्यांतून पाणी गालावर येतंय तरी रुमाल काढायचं सुचत नाहीये. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी ओघळू दिलं होतं.

"किती जोराने घासायचात?" बाईंनी विचारलं.

"पहिल्यांदा हलके. तू चहा सोडलास तेव्हापासून जोराने."

बाईंच्या तोंडून काहीतरी निघालं. हसू होतं की हुंदका, चकाचकरावांना ओळखता आलं नाही. बाईंनाही नसावं. "अति तिथे माती म्हणतात ना, त्याचे तुम्ही चालतेबोलते नमुने आहात," त्या म्हणाल्या. राग गेला नव्हता. पण आता त्याच्याबरोबर आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, आणि बाई बाकड्यावर मधे सरकल्या नाहीत तरी उठून गेल्याही नाहीत.

दोन तासांनी मिस्त्रींनी हाक मारली. नळी गव्हाच्या दाण्याएवढी आखूड झाली होती. कड नवी, गोल, सगळीकडून सारखी. मिस्त्रींनी कापसाची काडी फिरवून दाखवली, ती कुठेही अडकली नाही. शेडच्या मागे चाचणीसाठी पन्नास मीटरची लांब, वरून झाकलेली वाट होती, टोकाला वाळूची भिंत. त्या टोकाला कागद लावला गेला.

"पहिल्या काही गोळ्या मोजायच्या नाहीत," मिस्त्री म्हणाले. "आतलं मेण पुन्हा बसू दे. मग पाच."

बाई चटईवर पालथ्या झाल्या. दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. चकाचकराव मागे उभे होते. नेम लागला तर आपल्यामुळे आठ महिने वाया गेले. नेम लागला नाही तर बाईंचं खरंच संपलं. दोन्हींतलं कुठलं मागावं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि लगेच उत्तरही दिलं. लागू दे. मला काय व्हायचं ते होऊ दे.

मेण बसवायच्या गोळ्या झाल्या. मग पाच. दर वेळी बाईंची पाठ वर येई, खाली जाई, अर्ध्यावर थांबे, आणि एक बारीक आवाज होई.

मिस्त्रींच्या लेकीने कागद आणून टेबलावर पसरला. तीन भोकं ठिपक्याच्या मधोमध, एकमेकांना चिकटलेली, वीस वर्षांपूर्वीसारखी. दोन बाहेर. एक डावीकडे, एक खाली, बोटाच्या पेराइतकी लांब.

मिस्त्रींनी भिंग काढलं. "अजून थोडी कड राहिली असेल," चकाचकराव घाईघाईने म्हणाले, "नाही का हो? अजून माझ्यामुळेच..."

बाईंनी कागद आपल्याकडे ओढला. चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी जवळून ती पाच भोकं बघितली, नकाशा तपासावा तशी. डावीकडच्या भोकावर बोट ठेवलं. "इथे मी श्वास लवकर सोडला." खालच्या भोकावर ठेवलं. "आणि इथे मला नीट दिसलंच नाही, तरी घोडा ओढला." मग त्यांनी मान वर केली.

"ह्या दोन माझ्या आहेत, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "ह्यांचा काही दोष नाही."

ह्यांचा म्हणजे नवऱ्याचा. पस्तीस वर्षं बाई त्यांना याच शब्दाने ओळखत आल्या होत्या, कचेरीत, शेजारी, बहिणीकडे. चकाचकरावांना तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला. ते वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मिस्त्रींच्या लेकीने त्यांना पाणी आणून दिलं.

बाईंनी परत करण्याचा कागद उचलला, दोनदा फाडला आणि पर्समधून दुसरा काढला. पेन आता सापडलं. त्यांनी नाव लिहिलं, नंबर लिहिला, आणि मुदतीच्या रकान्यापाशी थांबल्या.

"अहो, इकडे या. किती वर्षं लिहू?"

चकाचकराव आले. डोळे लाल होते. "जास्तीत जास्त किती देतात?"

"पाच."

"मग पाच."

"तेव्हा मी चौसष्टची असेन. पाचातल्या चार बाहेर जातील."

"जाऊ देत," चकाचकराव म्हणाले. "मी रेंजवर येऊन कागद आणून देत जाईन."

बाईंनी पाच लिहिलं.